बेरीज कोणीं करावयाची?

गोठा विहिरीच्या वरच्या अंगास बांधूं नये, हें सांगावयास आमच्या आज्यांस पदवी लागली नाहीं. एका गोष्टीचा दुसरीशीं संबंध पाहूनच तिसरीस हात घालावा, या समग्रविचाराचें अमेरिकेंत १९५६ नंतर फॉरेस्टर या अभियंत्यानें शास्त्र बनविलें. त्याच पद्धतीवर रचलेलें ‘लिमिट्स टु ग्रोथ’ हें पुस्तक १९७२ सालीं जगभर गाजलें. परंतु या शास्त्राचा व्यवहारांत पुढें निभाव कसा लागणार, हें पाहावयास आमचें नाटे गांवच पुरेसें आहे.

खाडीपलीकडे माडबनास प्रत्येकीं १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या योजिल्या. नोव्हेंबर २०१० मध्यें पर्यावरणाची मंजुरी मिळाली. ती अर्थात् त्या एका प्रकल्पापुरती. केंद्रांतून समुद्रांत सोडावयाचें ऊन पाणी, खाडीच्या तोंडची मासेमारी, कातळावरचा आंबा आणि याच किनाऱ्यावर योजिलेले इतर कारखाने, यांची एकत्र बेरीज करणें कोणत्याच खात्याच्या कामांत येत नव्हतें. एप्रिल २०११ मध्यें विरोध पेटला व पोलिसांच्या गोळीबारांत एक मच्छीमार प्राणास मुकला. पुढें ऑगस्टमध्यें माधव गाडगीळ समितीनें रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठीं नेमकी तीच बेरीज आधीं करा, असें सुचविलें.

आमच्या मतें या शास्त्रास तक्त्यांची उणीव नाहीं. ज्याच्या बेरजेवांचून मंजुरीवर शिक्का उठूं नये, असा अधिकारी मात्र हवा. आणि बांगडा कोणत्या वाऱ्यास खाडीकडे वळतो हें जाणणाऱ्या तांडेलाचा शब्द त्या बेरजेंत, समासांत नव्हे, मांडला गेला पाहिजे.