गाठ दुखत नाही, म्हणून…

मैत्रिणींनो, चिमूरची घोडायात्रा जवळ आली की घराघरांत पाहुणे आणि बाईच्या पायाला भिंगरी. अशाच एका यात्रेच्या तोंडावर माझ्या मोठ्या जाऊबाईंनी स्वयंपाकघरात हळूच सांगितले, "छातीत गाठ लागते वो. पण दुखत नाही, मंग दवाखान्यात कायले जा लागते? यात्रा होऊ दे, पाहू."

यात्रा झाली. मग लग्नसराई, मग पेरणी. पोळा झाल्यावर नागपूर गाठले, तेव्हा सात महिने उलटले होते. जाऊबाई वाचल्या, पण उपचार फार मोठा सोसावा लागला. त्या सात महिन्यांत मला सारे ठाऊक होते आणि मी गप्प होते. ही बोच आजही जात नाही.

परवा भाच्याने एका नव्या यंत्राची माहिती सांगितली. तरुण बायकांच्या स्तनांत ग्रंथींचा भाग दाट असतो. मॅमोग्राफीच्या फोटोत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणजे कापसाच्या ढिगात पांढरा दोरा शोधायचा! या नव्या तपासणीत शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी औषध देतात. कर्करोगाच्या पेशी ते जास्त ओढून घेतात आणि तिथून गॅमा किरण निघतात. जुन्या कॅमेऱ्यात किरणांचा आधी प्रकाश होई, मग त्या प्रकाशाची वीज; त्यामुळे यंत्र अवजड आणि बारीक गाठी निसटत. आता कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियमचा अर्धवाहक स्फटिक किरणांची थेट वीज करतो. यंत्र सुटसुटीत झाले, स्तनाला अगदी लागून बसते आणि सेंटिमीटरहून लहान गाठही दाखवू शकते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाट स्तनांच्या दर हजार बायकांमागे मॅमोग्राफीत न दिसलेले आठ-नऊ कर्करोग या तपासणीने शोधले. मात्र औषधाचे किरण साऱ्या शरीराला लागतात, म्हणून ती ऊठसूट करायची तपासणी नव्हे.

ऐकून मन हरखले. पण लगेच वाटले, जाऊबाईंना या यंत्राचा काय उपयोग झाला असता? त्यांची गाठ तर हातालाच लागत होती! अडले होते ते सांगण्यापाशी.

यावर मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, नुसत्या हाताने केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही; पण म्हणून लागलेली गाठ लपवायची, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

तीस वर्षांवरील बाईची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी, हे सरकारचेच धोरण आहे. मग आपण ती मागत का नाही? आडोशाची खोली आणि तपासणारी बाईच हवी, हे ग्रामसभेत ठणकावून सांगायला लाज कसली? १९४२ साली इंग्रजांपुढे न झुकलेले हे चिमूर! ज्यांच्या भजनांनी तेव्हा गाव पेटले, ते तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे.

बहुतेक गाठी साध्या निघतात, हे खरे. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा बायांनो, गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि कुणी जाऊ, नणंद, शेजारीण कानात सांगेल, तेव्हा माझ्यासारख्या गप्प बसू नका. तिचा हात धरून निघा. यात्रा काय, पुढच्या वर्षीही येते.