शोधायला गेले बॉम्ब, सापडले मरणारे तारे!

रखवालदार बसवावा चोरासाठी आणि त्याच्या हाती लागावा गुप्तधनाचा हंडा, असा प्रकार विज्ञानात अधूनमधून घडतो. गॅमा किरणांच्या स्फोटांची गोष्ट नेमकी तशीच आहे.

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. सह्या झाल्या, पण विश्वास कुठे होता? समोरच्याने चंद्राच्या आडोशाला गुपचूप बॉम्ब फोडला तर? म्हणून अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह वर धाडले. अणुस्फोटातून गॅमा किरण बाहेर पडतात. ते दिसले की इशारा द्यायचा, एवढंच त्यांचं काम.

२ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. मात्र त्याचा चढउतार बॉम्बसारखा नव्हता. पुढे लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या रे क्लेबसॅडेल आणि सहकाऱ्यांनी अशा नोंदींचा हिशेब मांडला. कोणत्या उपग्रहावर झोत आधी पोचला, कोणत्यावर किंचित उशिरा, या फरकावरून दिशेचा अंदाज बांधता येतो. उत्तर निघालं, झोत पृथ्वीवरूनही आलेले नाहीत आणि सूर्याकडूनही नाहीत. १९७३ साली अशा १६ स्फोटांची माहिती जगापुढे आली.

तुम्ही म्हणाल, दुर्बीण लावावी आणि बघावं की! अडचण अशी, की गॅमा किरण आपल्या वातावरणातच शोषले जातात. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे भाग्यच! पण त्यामुळे ते टिपायला अंतराळात जावं लागतं. शिवाय नेहमीच्या भिंगाला हे किरण जुमानत नाहीत, आरपार निघून जातात. मग उपग्रहात खास स्फटिक ठेवतात. गॅमा किरण आदळला की स्फटिकात क्षणभर उजेड लुकलुकतो. तो किती तेजस्वी, यावरून किरणाची ताकद कळते. सेकंदाला किती वेळा लुकलुकला, यावरून स्फोट किती मोठा ते समजतं.

आणि दिशा? जाळीच्या खिडकीतून ऊन घरात येतं, तेव्हा जमिनीवर पडलेली नक्षी पाहून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं ना? तीच युक्ती. २००४ साली गेलेल्या ‘स्विफ्ट’ उपग्रहावर शिशाच्या सुमारे ५२ हजार तुकड्यांची जाळी बसवली होती. तिची सावली कुठे पडली, यावरून स्फोटाचा पत्ता लागायचा.

या सगळ्यात घाई फार महत्त्वाची. स्फोट काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो आणि तोच स्फोट पुन्हा कधी होत नाही. पत्ता चुकला की पाहुणा कायमचा गेला! १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने दोन हजारांहून जास्त स्फोट नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखेच विखुरलेले दिसले. पण प्रत्येकाची दिशा मोघमच कळायची. त्यामुळे हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या आसपासचे की फार लांबचे, यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद चालू राहिला.

तो मिटला १९९७ साली. २८ फेब्रुवारीला बेपोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटाची जागा हेरली आणि सुमारे आठ तासांत तिकडे आपली क्ष-किरण दुर्बीण वळवली. विझत चाललेली धग तिथे सापडली. त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाचं अंतर मोजलं गेलं, तेव्हा कळलं की तो प्रकाश सुमारे ७०० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता! पुढे स्विफ्टने हेच आठ तासांचं काम मिनिट-दीड मिनिटावर आणलं.

आज आपल्याला माहीत आहे, की दोन सेकंदांहून जास्त टिकणारे बहुतेक स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या मरणाचे असतात. त्याहून छोटे सहसा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा टकरीच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत नोंदवला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात, याचा पुरावाही त्या घटनेतून मिळाला. म्हणजे तुमच्या गळ्यातल्या सोन्याचं माहेर कदाचित अशीच एखादी टक्कर असेल!

या पाहुण्यांच्या वाटेवर भारतही डोळे लावून बसला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ झेपावला. त्यावरचं एक उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इतर संस्थांच्या साथीने बनवलं आणि त्याच्या नोंदींचं काम पुण्याच्या ‘आयुका’ने सांभाळलं. जास्त ताकदीचे गॅमा किरण या उपकरणाच्या भिंतींतूनही आत शिरतात, त्यामुळे बाजूला होणारे स्फोटही त्याला जाणवतात. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी, त्याने एक स्फोट पकडला. तेव्हापासून त्याच्या खात्यावर शेकडो स्फोट जमा झाले आहेत.

आणि अंतराळातले बॉम्ब? ज्यांच्या संशयापायी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्यातला एकही या झोतांमागे निघाला नाही!