जपानी झाडू आणि आमचा दाखला

जपानची शाळा म्हटली की आमच्या पांढरपेशा मास्तरांना भरून येतं. रविवारच्या पुरवणीत फोटो असतो, गणवेशातली पोरं गुडघ्यावर बसून वर्गाची फरशी पुसतायत. खाली लेख. शिस्त बघा, नम्रता बघा, तिथं मुलं स्वतः संडास धुतात, शिपायाला हाक मारत नाहीत. २०२२ साली कतारच्या मैदानात जपानी प्रेक्षकांनी स्वतःचा कचरा उचलला, तेव्हा तर गहिवराला पूर आला. 'तोत्तोचान' वाचून डोळे पुसणारे वेगळेच. ती शाळा लहान पोरांची होती आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पण ह्यांच्या डोक्यात जपानची झाडून सगळी शाळा तशीच.

अहो गुरुजी, आमची पोरं शाळेचा संडास कधीपासून धुतायत. त्याला जपान लागला नाही. हजेरीतली आडनावं वाचायची आणि बोट दाखवायचं, एवढं पुरलं. त्याचा फोटो तुमच्या पुरवणीत आला नाही. तिथं झाडू सगळ्यांच्या हातात देतात हे खरं, आणि चांगलं आहे, नाही कशाला म्हणू. पण ज्या देशाच्या शाळेत सगळे झाडू मारतात त्या देशात जात नाही, असं जे तुम्ही गुपचूप गृहीत धरता ना, तिथं आमचं भांडण आहे.

आधी ती हायस्कूलं काय चीज आहे ते बघू.

जपानात सक्तीचं शिक्षण नववीपर्यंत. पुढची तीन वर्षं म्हणजे हायस्कूल. कायद्यानं सक्ती नाही, पण आज शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पोरं जातात. न जाऊन सांगता कोणाला? पंधराव्या वर्षी परीक्षा, आणि त्या परीक्षेवर शाळा ठरते. 'हेन्साची' नावाचा एक आकडा असतो, सरासरी म्हणजे पन्नास. साठचं पोरगं साठच्या शाळेत, चाळीसचं चाळीसच्या. गावातल्या भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक असतं कुठली शाळा कितव्या पायरीवर. पोरगं बाजारात निघालं की अंगावरच्या कपड्यावरून त्याची किंमत कळते, कारण प्रत्येक शाळेचा गणवेश ओळखता येतो. आमच्याकडे आडनावावरून, तिथं कोटाच्या बटणावरून.

थॉमस रोहलेन नावाचा एक अमेरिकन अभ्यासक १९७४-७५ साली कोबे शहरात जाऊन पाच हायस्कुलं बघून आला. १९८३ साली त्याचं पुस्तक निघालं. वरच्या टोकाला नादा, जिथली पोरं टोकियो विद्यापीठात जाणार हे जवळपास लिहून ठेवलेलं. खालच्या टोकाला रात्रीची शाळा, दिवसभर राबून आलेल्यांची. मधे बाकीच्या. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली. कोबे म्हणजे बंदर. बंदर म्हटलं की मला सांगायला नको तिथं कोण वर असतं आणि कोण बोजा उचलतं.

आता शिस्त. कोबेच्याच एका सरकारी हायस्कूलमधली गोष्ट. ६ जुलै १९९०, सकाळचे साडेआठ. घंटा झाली आणि फाटकावरच्या मास्तरनं लोखंडी फाटक ढकललं. दोनशे किलोच्या वरचं फाटक. पंधरा वर्षांची पोरगी धावत आत येत होती, तिचं डोकं चेंगरलं, ती मेली. उशीर किती? मोजायला घड्याळ बारीक लागेल. ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलनं एका पोरीचे जन्मजात तपकिरी केस पुन्हापुन्हा काळे रंगवायला लावले. तिनं शाळेत येणं सोडलं तर वर्गाच्या यादीतून तिचं नाव काढलं आणि वर्गातलं तिचं बाकडं काढून टाकलं. २०१७ साली ती कोर्टात गेली. २०२१ साली कोर्टानं काय सांगावं? बाकडं काढलं ही चूक, भरपाई द्या तीन लाख तीस हजार येन. पण केसांचा नियम? तो कायदेशीर. टोकियोच्या सरकारी शाळांनी असले काही नियम २०२२ साली सोडले, तेही बोंबाबोंब झाली म्हणून.

आणि तोंड उघडायचं नाही. १९६८-६९ ला जपानची विद्यापीठं पेटली तेव्हा हायस्कूलची पोरंही डोक्याला हेल्मेट घालून उतरली होती. सरकारनं १९६९ च्या ऑक्टोबरात फतवा काढला, हायस्कूलच्या विद्यार्थ्यानं राजकारण करायचं नाही. तो २०१५ साली उठला. शेहेचाळीस वर्षं. ही तुमची नम्रता.

पण हे सगळं शाळेत पोचलेल्यांचं. पोचले नाहीत त्यांचं काय?

जपानात आपल्यासारखेच लोक आहेत. मेलेली गुरं ओढणारे, कातडं कमावणारे, फाशी देण्याच्या कामाला जुंपलेले. तोकुगावांच्या राजवटीत त्यांना 'एता' म्हणत. ज्या अक्षरांनी तो शब्द लिहीत त्यांचा अर्थच मुळी 'विटाळ फार'. १८७१ साली सरकारनं हुकूम काढला की आजपासून हे नाव रद्द, सगळे सारखे. मग काय झालं? १८७३ साली ओकायामाकडच्या मिमासाकात शेतकरी उठले आणि ह्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसं मारली. सरकारी रजिस्टरात कारकुनांनी त्यांच्या नावापुढं 'नवा प्रजाजन' असं लिहून ठेवलं. नवा! म्हणजे जुना कोण ते आपोआप कळलं. शाळा निघाल्या तर गावकऱ्यांनी ह्यांची पोरं शेजारी बसू दिली नाहीत, कित्येक ठिकाणी वस्तीची शाळा वेगळी. ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली, सुइहेइशा. महाडच्या तळ्याला अजून पाच वर्षं होती. आज त्यांना बुराकू म्हणतात, म्हणजे नुसतं 'वस्ती'. कुठली वस्ती ते सांगावं लागत नाही.

१९६३ साली देशातली सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास पोरं हायस्कूलात जात होती. बुराकूंची? तीस टक्क्यांच्या आसपास. आणि इथं माझ्या आवडीची हकीकत येते. शिकोकू बेटावर कोची शहराच्या नागाहामा भागात १९६१ साली आया एकत्र बसल्या. रोजंदारीच्या बाया. त्या राज्यघटना वाचत होत्या. सव्विसाव्या कलमात त्यांना सापडलं की सक्तीचं शिक्षण मोफत असेल. मग पुस्तकं विकत का? पोराच्या वर्षाच्या पुस्तकांत कित्येक दिवसांची मजुरी जात होती. त्यांनी ठरवलं, पुस्तकं घेणार नाही. शाळा सुरू झाली, पोरं पुस्तकाविना बसली, नगरपालिका हादरली. त्या बायांच्या हट्टातून देशाचा कायदा झाला आणि १९६३ पासून टप्प्याटप्प्यानं नववीपर्यंतची पुस्तकं सगळ्या जपानला फुकट. सगळ्या, म्हणजे नादाला जाणाऱ्या डॉक्टरच्या पोरालासुद्धा. त्याला कुणी सांगतं का की बाळा, हे पुस्तक कातडं कमावणाऱ्यांच्या बायांनी आणलंय?

१९६६ पासून बुराकूंच्या पोरांना हायस्कूलसाठी सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे लागू झाले. १९७५ पर्यंत देशाचा आकडा ब्याण्णव, बुराकूंचा सत्त्याऐंशीच्या आसपास. बारा वर्षांत! मेरिट मेरिट म्हणून छाती बडवणाऱ्यांनी हे आकडे आरशाला चिकटवावेत.

अक्षर नसलेल्याचं काय होतं तेही त्याच १९६३ सालानं दाखवलं. सायतामाच्या सायामात हायस्कूलची सोळा वर्षांची पोरगी मारली गेली. खंडणीची चिठ्ठी आली. पैसे न्यायला आलेला माणूस पोलिसांच्या हातून निसटला, बोंब झाली, पोलीस बुराकू वस्तीत घुसले. काझुओ इशिकावा, चोवीस वर्षांचा, प्राथमिक शाळाही पुरी न केलेला. महिनाभर कोंडल्यावर त्यानं कबुली दिली. पुढं ती त्यानं नाकारली. जो माणूस धड लिहू शकत नव्हता त्यानं ती चिठ्ठी लिहिली म्हणे! १९६४ साली फाशी, १९७४ साली ती उतरून जन्मठेप, १९९४ साली पॅरोल. लिहायला तो तुरुंगात शिकला आणि मग स्वतःच्या बचावाची पत्रं स्वतः लिहीत राहिला. १९७६ साली त्याच्यासाठी वस्त्यावस्त्यांतल्या पोरांनी शाळेवर बहिष्कार टाकला. २०२५ च्या मार्चमध्ये तो गेला, वय शहाऐंशी. पुनर्सुनावणी मिळाली नाही ती नाहीच.

कोबेच्या रात्रशाळांकडं पुन्हा या. मिनातोगावा हायस्कूल. तिथं बुराकूंची पोरं, कोरियन पोरं, दिवसा कामावर आणि रात्री बाकड्यावर. मी स्वतः रात्रशाळेचा मॅट्रिक, पाळी संपवून बाकड्यावर डोकं टाकलेला, म्हणून हे मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको. १९७३ साली ह्या शाळेत कोरियन भाषा रीतसर विषय झाली, जपानी सरकारी हायस्कूलात पहिल्यांदा. शिकवायला आणला किम शी-जोंग. कवी. जेजू बेटावरच्या कत्तलीतून पळून १९४९ साली जपानात आलेला. वरच्या शाळांना हे सुचलं नाही. सुचलं ते तळातल्या शाळेला, कारण तिथली पोरं विचारत होती की आमची भाषा कुठाय.

सगळंच गोड नाही. त्याच ह्योगो जिल्ह्यातलं योका हायस्कूल, १९७४. बुराकू पोरांनी मुक्तीचं अभ्यास मंडळ मागितलं. शिक्षक म्हणाले, एक मंडळ आहेच, दुसरं चालणार नाही. पोरं उपोषणाला बसली. २२ नोव्हेंबरला शिक्षक शाळा सोडून निघाले, तर मुक्ती संघटनेच्या माणसांनी त्यांना रस्त्यात धरलं, ओढत शाळेत आणलं आणि तासन् तास मारलं. चाळीसहून जास्त शिक्षक दवाखान्यात. पुढं १३ जणांना शिक्षा झाल्या. शिक्षक बहुतेक कम्युनिस्टांच्या बाजूचे, आणि कम्युनिस्टांचं आणि मुक्तीवाल्यांचं तेव्हा हाडवैर. मी मारणाऱ्यांची वकिली करणार नाही. मार खाल्लेला मास्तर हुतात्मा होतो आणि पोरांचा सवाल गाडला जातो, एवढंच झालं. आजही योका म्हटलं की लाठ्या आठवतात. पोरं काय मागत होती ते कुणी विचारत नाही. हे आपल्या दोस्तांनीही ऐकून ठेवावं, ज्यांना हात उचलायची घाई असते.

आता मुद्द्याचं, जे तुमच्या पुरवणीत कधीच आलं नाही.

जपानात हायस्कूल सुटलं की नोकरी शाळेमार्फत लागते. कंपनी शाळेला कळवते, शाळा पोरगं पाठवते. पूर्वी प्रत्येक कंपनीचा स्वतःचा फॉर्म असे. त्यात काय? बापाचा धंदा काय, घर स्वतःचं की भाड्याचं, मालमत्ता किती, धर्म कुठला. जात हा शब्द कुठंच नाही. गरजच काय? पत्ता आणि बापाचा धंदा कळला की झालं. वर कुळाचं सरकारी रजिस्टर १९७६ पर्यंत कुणीही जाऊन बघू शके. बुराकू संघटना आणि हायस्कूलचे शिक्षक ह्याविरुद्ध उभे राहिले. आधी १९७१ साली ओसाका-क्योतोच्या भागात आणि १९७३ साली देशभर एकच फॉर्म लागू झाला आणि हे प्रश्न त्यातून काढले. दोन वर्षांनी, १९७५ ला, उघडकीस आलं की बुराकू वस्त्यांच्या याद्यांची पुस्तकं चोरून विकली जातायत. गावाचं नाव, घरं किती, धंदा काय. घेणाऱ्या दोनशेहून जास्त कंपन्या, त्यांत नावाजलेल्याही. म्हणजे फॉर्ममधून काढलेला प्रश्न त्यांनी कपाटात ठेवला होता.

पण त्या शाळांनी आणखी एक गोष्ट केली. मुलाखत देऊन पोरगं परत आलं की शाळेत एक कागद भरतं, मला काय काय विचारलं. बापाबद्दल विचारलं, घराबद्दल विचारलं, तर शाळा ते रोजगार कचेरीला कळवते आणि कंपनीला जाब द्यावा लागतो. कंपनी पोराची परीक्षा घेते आणि पोरगं कंपनीची. जपानी हायस्कूलातून काही उचलायचं असेल तर हा कागद उचला.

इथं उलटा कारभार. आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली. ती असली तरच सवलत, म्हणून ती आम्ही पुसू मागत नाही, आणि कुणी पुसायला आला तर त्याचा हात धरू. पण खाजगीत सवलत नाही आणि दाखला मात्र मागतात. मग तो कागद कुणाच्या कामाला येतो? दाखला नाही मागितला तरी मुलाखतीत पूर्ण नाव, गाव, गावात राहता कुठं. तीन प्रश्नांत माणूस गावकुसाबाहेर.

म्हणून शाळा-कॉलेजातून सुटलेल्या पोरापोरींनी, मुलाखत देऊन आलं की त्याच दिवशी, विसरायच्या आत, काय विचारलं ते क्रमानं लिहावं आणि ह्या अंकाच्या पत्त्यावर टाकावं. पहिला माझाच घ्या. एका खाजगी गोदामात तपासनीस कारकुनाची जागा. प्रश्न एक, पूर्ण नाव. दोन, मूळ गाव. तीन, वडील काय करायचे. चार, 'जयंतीला नाचता का?' गणित, इंग्रजी, मालाची नोंद, काही विचारलं नाही. कळवतो म्हणाले. मी अजून गोदीत बोजा उचलतोय. असे पन्नास कागद जमले की त्यांची एक प्रत कामगार आयुक्तांच्या टेबलावर जाईल, आणि एक त्या गुरुजींना, ज्यांनी जपानी झाडूवर लेख लिहिलाय.