पहिल्या पानाची हमी देणे थांबवू या

सोलापुरी चादर शोधणारा माणूस एकाच तऱ्हेने शोधत नाही. कुणी देवनागरीत ‘सोलापुरी चादर’ टाकतो, कुणी ‘सोलापूर चद्दर’, बरेच जण रोमन लिपीत, आणि एखादे जुने गिऱ्हाईक अजून ‘शोलापूर’ लिहिते. एके काळी यातल्या प्रत्येक स्पेलिंगचे वेगळे पान करून ठेवणे हे शोधनिकालांत साइट वर आणण्याच्या आपल्या धंद्यात कसब मानले जाई. त्याच पानांच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तीच यादी पुन्हा, आणि कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये तिसऱ्यांदा. क्रमवारी लावताना हा टॅग आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. तरी आजही एखाद्या यंत्रमाग कारखान्याची साइट उघडून सोर्स पाहा, टॅग जागच्या जागी असतो. काढून टाकायचे कष्ट कोण घेतो!

त्यानंतर जे घडले ते आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. २०११ मध्ये गूगलच्या शोधप्रणालीतल्या ‘पांडा’ बदलाने पोकळ पाने खाली ढकलली, २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंका पकडल्या. ‘बर्ट’ ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी आले आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत पोचले, त्यात मराठीही होती. शब्दांमधला संबंध ओळखणे हे ‘बर्ट’चे काम. मराठीत तो संबंध बहुतेक वेळा प्रत्ययात असतो, म्हणून हा बदल आपल्याला अधिक महत्त्वाचा. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ आले, ते मार्च २०२४ मध्ये मूळ प्रणालीतच मुरवले गेले. त्याच वेळी ढिगाने मजकूर पाडणाऱ्यांविरुद्ध स्पष्ट नियमही आला. प्रत्येक वेळी आपल्याकडे एकच प्रश्न विचारला गेला: आता नवी युक्ती कोणती?

या वेळी तो प्रश्न निरुपयोगी आहे, असे आमचे मत आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश दिसू लागला, इंग्रजीत आणि हिंदीतही. ‘सोलापूर शहर चादरींसाठी जगप्रसिद्ध आहे’ या वाक्याने सुरू होणारी आणि त्यापुढे फारसे काही न सांगणारी जी शेकडो पाने आपण सर्वांनी मिळून तयार केली, ती आता उघडायची गरजच उरली नाही. ते वाक्य यंत्र स्वतःच लिहिते. सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन टिकून आहेत आणि क्लिक घसरत आहेत, असा आलेख ज्यांना दिसतो आहे त्यांनी घसरलेली पाने एकेक करून वाचावीत. बहुतेक वेळा हीच पाने निघतील.

मग यंत्राकडे काय नाही? चादर हातात घेऊन पाहावी. जेकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उठते आणि उलट बाजूला रंगांची अदलाबदल होते. टोकाच्या पट्टीत अनेकदा कारखान्याचे नाव विणलेले असते, छापलेले नसते. सूत किती काउंटचे, वजन किती ग्रॅम, पहिल्या धुण्यात किती आटते, रंग सुटतो का, हे सारे कारखान्यातल्या जॉबरला माहीत असते आणि साइटवर कुठेच नसते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल ही महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्या उत्पादनांपैकी. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही इथली जुनी तक्रार आहे. असे असताना उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला असेल, तर तो नोंदणी क्रमांक पानावर का नसावा? खरा माल ओळखायचा कसा, हे दोन फोटो लावून सांगणारे पान आणि चाटी गल्लीतल्या दुकानात रोज विचारल्या जाणाऱ्या दहा प्रश्नांची उत्तरे देणारे पान, एवढे ज्या साइटवर आहे तिला सारांशातही संदर्भ म्हणून घेतले जाण्याची शक्यता अधिक. ते लिहायचे तर मात्र क्लायंटच्या केबिनमधून उठून मागांच्या खडखडाटात जाऊन उभे राहावे लागते.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास डोकेदुखी आहे, तिच्यावर इंग्रजी ब्लॉगांत काही सापडणार नाही. क्लायंट जुन्या माहितीपत्रकाची पीडीएफ देतो. ती युनिकोडपूर्व फाँटात जुळवलेली असते. ती तशीच चढवली तर माणसाला मराठी दिसते, पण शोधयंत्राला निरर्थक चिन्हांची रांग. कन्व्हर्टरमधून काढली तर रफार सरकतात, जोडाक्षरे तुटतात आणि ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला तो र कधी ऱ आणि हलन्त असा येतो, कधी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. डोळ्यांना फरक कळत नाही, साइटच्या आतल्या शोधखिडकीला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक पद्धत ठरवून सगळा मजकूर तीत आणणे हे कंटाळवाणे काम आहे. पण एखाद्या नव्या प्लगइनपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पत्ते जिवंत ठेवण्याबाबतही आपण ढिले आहोत. गूगल बिझनेस प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. तिथून प्रोफाइलकडे वळवणारा रस्ताही १० जूनपर्यंतच उघडा होता. ज्या छोट्या दुकानदारांची तेवढीच साइट होती, त्यांच्या छापील कार्डांवर आणि पिशव्यांवर आजही तो मेलेला पत्ता असू शकतो. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्या, हे त्यांना सांगणे आपले काम होते. सोलापूरच्या गड्डा यात्रेचे पान दर जानेवारीला नव्या सालाच्या नव्या पत्त्यावर टाकणारेही आपणच. पत्ता एकच ठेवून मजकूर बदलला, तर वर्षानुवर्षांच्या लिंका त्याच पानाकडे येत राहतात. शेजारच्या उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले. तिथल्या ज्या साइटींनी जुने नाव एका रात्रीत सगळीकडून पुसले, त्यांनी अजून जुन्याच नावाने शोधणारे गिऱ्हाईक विनाकारण गमावले. मथळ्यात नवे नाव आणि मजकुरात एकदा ‘पूर्वीचे उस्मानाबाद’ एवढे पुरते.

एआयमध्ये नाव आणून देतो म्हणून नवी पॅकेजे विकायला सुरुवात झालीच आहे. त्यात साइटच्या मुळाशी ठेवायच्या एका खास टेक्स्ट फाइलचे पैसे लावले जातात; गूगल शोधासाठी अशी फाइल लागत नाही, हे गूगलच्या लोकांनीच सांगितले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रश्नोत्तरांच्या स्कीमामुळे मिळणारे निकाल सरकारी आणि आरोग्यविषयक प्रस्थापित साइटी सोडून इतरांसाठी दिसेनासे झाले, तेव्हा त्यावर उभी केलेली पॅकेजेही अशीच कोसळली होती.

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असे गूगल आपल्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षे लिहीत आले आहे, तरीही आपल्या कोटेशनमध्ये हमीची ओळ छापलेली असते, कारण शेजारचा ती छापतो. वाचकांना आमची विनंती आहे की नव्या वर्षाच्या कोटेशनमधून ती ओळ काढावी आणि तिच्या जागी तीन कामे लिहावीत: महिन्यातून एकदा कारखान्यात किंवा दुकानात जाऊन नवा मजकूर आणि फोटो घेणे, तुटलेले पत्ते दुरुस्त करणे, आणि क्लिकबरोबर साइटवरून आलेले फोन व व्हॉट्सअॅप चौकशा मोजून क्लायंटला दाखवणे. ज्या क्लायंटला एवढ्यावर समाधान नाही, त्याला नम्रपणे नाही म्हणावे.