मुरमाड उतारांची किंमत

मृग सरतो, आषाढाच्या धारा सुरू होतात, आणि भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट वाहतुकीला पूर्णतः वा अंशतः बंद केल्याचा हुकूम निघतो. कोठे दरड येते, कोठे रस्त्याची कड खचते, कोठे एखादी वाडी सुरक्षित जागी हलवावी लागते. मग पावसाला बोल लावला जातो. भाद्रपदात ऊन पडले की सारे विसरले जाते आणि माघात पुन्हा डोंगर खोदावयास यंत्रे सज्ज होतात. हा क्रम आता सर्वांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, ज्या मातीवर हे सारे घडते तिचा स्वभाव काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. भोर आणि वेल्हे (ज्या तालुक्यास आता राजगडाचे नाव मिळाले आहे) येथील डोंगरउतारांच्या बाबतीत तरी हा प्रश्न टाळून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

पुणे जिल्ह्यातील शेतकरी जमिनीचे ढोबळ तीन वर्ग पूर्वापार करीत आला: काळी, तांबडी आणि बरड. काळीचे गुण गावयास सारे पुढे येतात. बरडाला कोणी वाली नाही. सरकारी दप्तरात तिची नोंद वरकस, पडीक किंवा पोटखराबा अशा उपेक्षेच्या शब्दांत होते. जी पिकत नाही ती निरुपयोगी, आणि जी निरुपयोगी तिचे काहीही करावयास हरकत नाही, असा हा सोपा न्याय आहे. हा न्यायच मुळात चुकीचा आहे, आणि त्याचा दंड डोंगरातल्या वाडीपासून पुणे शहरापर्यंत सर्वांना भरावा लागत आहे.

ही माती घडते कशी? सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर. त्यातील काही थर कठीण, काही सच्छिद्र व ठिसूळ. कठीण थरांचे कडे झाले. ठिसूळ थर कुजून त्यांचा मुरूम झाला. तोरणा, राजगड, रोहिडा यांच्या अंगावर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्यांचे कारण हेच होय. कड्यावरून निखळलेले धोंडे पायथ्याच्या उतारावर साचतात, त्यांत मुरमाची भर पडते, आणि या भुसभुशीत ढिगावर झाडाच्या पानांनी वीतभर काळसर थर चढविलेला असतो. पावसाचे पाणी बारीक कण धुऊन खाली नेते. जड खडे जागीच राहतात. भाताच्या खाचरात जी चिकण माती दिसते, ती त्याच उताराची लेक होय. वरची दगडाळ व खालची सुपीक हा दोन जमिनींचा भेद नव्हे. एकाच जमिनीची ती दोन वये आहेत.

मृदाशास्त्राच्या अमेरिकन वर्गीकरणात दोन मिलिमीटरांहून मोठे तुकडे घनफळाच्या ३५ टक्के किंवा अधिक असले म्हणजे अशा मातीला अस्थिपंजराचा अर्थ असलेला शब्द योजितात. शब्द समर्पक आहे. अंगावर मांस थोडे, हाडे फार. आता या देहात पाणी किती मावते याचा साधा हिशेब करून पाहावा. समजा, उतारावर ३० सेंटिमीटर जाडीची माती आहे आणि तिच्यात ४० टक्के दगडगोटे आहेत. दगड पाणी धरीत नाही. उरलेल्या बारीक मातीने आपल्या घनफळाच्या १५ टक्के पाणी झाडाला देण्याजोगे धरले, असे मानले तर सारा साठा भरतो अवघा २७ मिलिमीटर. आषाढातील एका जोरदार सरीत तो भरून जातो आणि चैत्रातील उन्हात रोज चार-पाच मिलिमीटर खर्च धरला तर आठवडाही पुरत नाही.

मग या डोंगरांवर ऐन, हिरडा, जांभूळ उन्हाळ्यातही उभे राहतात ते कशाच्या जोरावर? त्यांची मुळे मातीतून पार होऊन मुरमाच्या आणि खडकाच्या भेगांत उतरलेली असतात. तेथे ओल टिकते. म्हणजे ही माती पाण्याचा रांजण नव्हे. ते पाण्याचे दार आहे. पडलेला पाऊस क्षणात पिऊन तो खाली खडकाच्या भेगांत सोडणे हे तिचे खरे काम. खाली एखादा अभेद्य थर लागला, बहुधा दोन लाव्ह्यांमधील गेरूसारखा तांबडा थर, की तेच पाणी आडवे वाहून कोठे तरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कानद खोऱ्यातील वा हिरडस मावळातील वाडीचा झरा फाल्गुनापर्यंत वाहतो की पौषातच आटतो, हे वर कोसभर अंतरावरील दार उघडे आहे की मिटले, यावर अवलंबून असते.

दार मिटते कसे? पालापाचोळा वणव्यात जळाला, कारवीचे रान मोडले, वरचे दगड वेचून काढले, म्हणजे पावसाचा थेंब उघड्या मातीवर हातोड्यासारखा आदळतो. बारीक कण उसळून छिद्रांत बसतात आणि पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. मग मुरणारे पाणी धावू लागते आणि धावताना माती घेऊन जाते. दगड वेचले म्हणजे जमीन सुधारली, हा समज सपाटीवर खरा असेल. उतारावर तो घातक आहे. तेथे वरचा दगड हीच मातीची छत्री असते.

याहून गंभीर गोष्ट घसरण्याची. असा भुसभुशीत ढीग उतारावर टिकून राहतो तो दगडाला दगडाने दिलेल्या घर्षणामुळे आणि मुळांनी खालच्या मुरमाशी घातलेल्या टाक्यांमुळे. संततधार पावसात पोकळ्या पाण्याने भरल्या की दगडांचा एकमेकांवरील भार हलका होतो आणि घर्षण कमी पडते. त्या घडीला मुळांचा टाका हाच एक आधार. झाड तोडले त्या वर्षी डोंगर घसरत नाही, कारण मुळे कुजावयास काही वर्षे लागतात. म्हणूनच तोडणारा नामानिराळा राहतो आणि दोष पावसाच्या माथी येतो. त्यातच पायथा खणून रस्ता किंवा चौथरा काढला, तर ढिगाचा पायच काढून घेतल्यासारखे होते.

आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी अशा ढिगाखाली गेले. १५१ माणसे दगावली. तेथील कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. कोणी अतिवृष्टीकडे बोट दाखविले, कोणी उतारावरील सपाटीकरणाकडे. २२ जुलै २०२१ रोजी भोरच्या सीमेपलीकडे महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाऊस आपल्या हाती नाही, हे खरे. परंतु पावसाने ज्यावर घाला घालावयाचा तो उतार कोणत्या अवस्थेत ठेवावयाचा, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

पूर्वीच्या मावळ्याने या मातीवर कधी अत्याचार केलाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. राब भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या त्यानेही तोडल्या, वरकस जमिनीवर नाचणी, वरई, कारळे त्यानेही घेतले. पण दोन-तीन वर्षे पिके घेतल्यावर तो ती जमीन काही वर्षे सोडून देई, आणि देवराईच्या झाडाला कुऱ्हाड लावीत नसे. मातीची सोसण्याची मर्यादा त्याला ठाऊक होती. ती मर्यादा मोडली ती पुढे. धरणांसाठी खोऱ्यांतील खाचरे बुडाली, माणसे वरच्या उतारांवर चढली; धरणाच्या कामासाठी झालेल्या रस्त्यांनी कोळशाचा बाजार रानाच्या दारी आणला. पानशेतच्या परिसरातील हा क्रम माधव गाडगीळ यांनी १९७९ सालच्या आपल्या निबंधात नोंदला आहे. आज कोळशाच्या भट्ट्यांची जागा मातीच्या यंत्रांनी घेतली आहे. डोंगराचा तुकडा विकत घ्यावयाचा, त्याच्या पायऱ्या कोरावयाच्या, जलाशयाचे दृश्य दिसेल असा बंगला बांधावयाचा आणि निघालेला मुरूम खालच्या ओढ्यात लोटून द्यावयाचा, हा व्यवहार पानशेत रस्त्याने जाणाऱ्यास डोळ्यांनी दिसतो.

पुणेकराने याकडे परक्याचे दुःख म्हणून पाहू नये. खडकवासला साखळीतील चार धरणांची क्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट. तिच्यापैकी पानशेतचे १०.६५ आणि वरसगावचे १२.८२, म्हणजे चार पंचमांश पाणी, वेल्ह्याच्या डोंगरांखाली साठते. भोरच्या भाटघरमागील सुमारे २३.५ अब्ज घनफूट पाण्यावर नीरेचे कालवे बारामती-फलटणपर्यंतची शेती भिजवितात. देशातील मृदाक्षयाचा जो अंदाज ध्रुवनारायण व रामबाबू यांनी १९८३ साली मांडला, त्यानुसार वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती जागची हलते आणि तिचा सुमारे दहावा हिस्सा जलाशयांत जाऊन बसतो. उतारावरून सुटलेली माती आपल्याच घागरीत गाळ होऊन बसते, याचा अर्थ एवढाच.

यावर डोंगरातला माणूस विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे, की आमची खाचरे तुमच्या धरणांत गेली, धरणाकाठच्या आमच्या वाड्या वैशाखात टँकरची वाट पाहतात, आणि आता डोंगरही तसाच ठेवा म्हणता, तर आम्ही खावे काय? पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून एकामागून एक निघाले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. त्यांना गावोगाव विरोध झाला त्याचे एक मूळ या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर दिले नाही, यात आहे. केवळ मनाईच्या हुकुमाने माती टिकत नाही.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक गटाचा उतार, मातीची जाडी व दगडांचे प्रमाण दाखविणारा गावनिहाय नकाशा तयार करून तो तलाठ्याच्या दप्तरात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. राज्याच्या प्रमाणावरील नकाशे विद्वानांच्या उपयोगाचे, गावाच्या नव्हेत. दुसरी, वस्तीच्या माथ्यावरील जाड ढिगाळ उतारांवर पायथा खणण्यास व सपाटीकरणास परवानगीच देऊ नये; रस्त्यासाठी खणणे अटळ असेल तेथे पाण्याचा निचरा व आधारभिंत यांच्याविना काम पुरे झाल्याचा दाखला मिळू नये. तिसरी, सलग समतल चरांचा एकच उपाय सर्वत्र लादू नये. मंद उतारावर जे चर पाणी मुरवितात, तेच तीव्र व सैल उतारावर पाणी तुंबवून दरडीला निमंत्रण देऊ शकतात. तेथे गवत, कारवी, स्थानिक झाडे आणि वणव्याविरुद्ध जाळरेषा हाच मार्ग. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, शहराच्या पाणीपट्टीतील एक ठरलेला वाटा या खोऱ्यांतील ग्रामसभांना उतार राखण्याचे वेतन म्हणून द्यावा. ती मेहेरबानी नव्हे; ज्या कामाचे फळ आपण रोज सकाळी नळाला पाहतो, त्याची ती मजुरी आहे.

ही वीतभर माती घडावयास शतके लागली. ती जाते मात्र एका पावसाळ्यात, आणि गेली म्हणजे खाली उरतो तो उघडा खडक. खडकावर देवराई उगवत नाही, झरा फुटत नाही आणि वाडीही टिकत नाही. ज्या जमिनीला दप्तराने पोटखराबा म्हटले तिच्यावरच लक्षावधी पोटांचा भार उभा आहे, एवढे ओळखून पुढच्या मृगापूर्वी शासनाने आणि या शहराने आपले कर्तव्य ठरवावे.