अर्थशास्त्राचें संशोधन आणि पाथर्डीचा शेतकरी

पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं स्थापन झाली व १९५९ पासून तिचें ‘अर्थ विज्ञान’ हें त्रैमासिक निघूं लागलें. नांव आपल्या भाषेंतील, पण लेख इंग्रजींत! ज्या शेतकऱ्याच्या जमाखर्चावर संशोधन उभें राहतें, त्यालाच त्याचा निष्कर्ष वाचतां येऊं नये, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

याच संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनीं आपल्या जिल्ह्यांतील गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. कालव्याच्या प्रत्यक्ष लाभाबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजावा, हें त्या पाहणीचें मर्म होय. तें आम्हांस मान्य आहे. मात्र तोच न्याय कोरडवाहू पाथर्डीसही लावावा. आमच्या तालुक्यांतील कित्येक कुटुंबें पावसाळा सरतांच कारखान्यांच्या मुलखांत ऊसतोडीस जातात. त्यांची मजुरी मोजतां येते. पण मुलांची बुडालेली शाळा, घरीं एकटे राहिलेले म्हातारे आणि अंगावरची उचल हीं कोणत्या रकान्यांत मांडावयाचीं?

यास्तव संशोधकांनीं आपल्या निष्कर्षांचा मराठी सारांश गांवोगांव पोंचवावा, अशी आमची मागणी आहे. परंतु केवळ मागणी करून भागणार नाहीं. पाहणीस आलेल्या माणसापासून कर्ज लपविल्यानें किंवा पीक कमी सांगितल्यानें आपण आपलेंच नुकसान करितों. वाचकहो, बीं, खत व मजुरी यांची वही आजपासूनच ठेवा. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?