खिडकी ठरवायची कोणी?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेला, एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आपल्या लहान गावांतही 'आता एसी घेऊन टाकू' असं बोललं जाऊ लागलं. त्यात चूक काही नाही. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा गारवा कोणाला नको असतो? पण मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी एक पाहून घ्या. ज्या खोलीत एसी बसणार, तिची खिडकी कशी आहे?

बचत गटाच्या कामामुळे माझं घरोघरी जाणं होतं. घराची डागडुजी निघाली की जुन्या लाकडी खिडक्या आधी उखडल्या जातात आणि तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा येतात. दिसायला छान, पुसायला सोप्या, पावसाळ्यात फुगत नाहीत. हे सगळं खरं. पण दोन काचांची सरकती खिडकी उघडते अर्धीच, कारण एक काच दुसरीमागे जाऊन उभी राहते. चार बाय चार फुटांच्या खिडकीतून १६ ऐवजी ८ चौरस फूटच वारा! बिजागरीवर उघडणारी झडपांची खिडकी मात्र जवळजवळ पूर्ण उघडते. शिवाय तिला नीट रबर लावलं तर ती बंदही घट्ट होते. सरकत्या खिडकीच्या फटींतून गरम हवा आत येत राहते आणि एसी लावला तर त्याचं बिल आपण भरतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. घराच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात उघडणारी जागा किती हवी, हे तिच्यात हवामानानुसार दिलं आहे. सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या भागात १० टक्के, नागपूरकडे साडेबारा टक्के आणि कोकणच्या दमट हवेत १६.६६ टक्के. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, तिचा रोख मात्र १०० किलोवॅट किंवा जास्त वीजभाराच्या मोठ्या इमारतींवर आहे. तुमचं-माझं दोन-तीन खोल्यांचं घर त्यात कुठून येणार? एसीवर तारे असतात, फ्रिजवर असतात. खिडकी घेताना तारे बघून घेतली, असं कोणी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणजे आपल्या घरापुरतं आपणच बघायचं.

काय बघायचं? पहिली गोष्ट, ऊन काचेच्या बाहेरच अडवा. एकदा ते काचेतून आत आलं की आतला पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. दक्षिणेच्या खिडकीला वरचा छज्जा पुरतो, कारण तिकडचं ऊन उंचावरून येतं. पश्चिमेचं ऊन तिरपं, खालून आत घुसतं. तिथे छज्जा कामाचा नाही. तिथे बाहेरून बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, लाकडी झडप किंवा शेडनेट लावा. काळी फिल्म लावली की ऊन थोडं कमी होतं, पण उजेडही जातो आणि दिवसा दिवा लावायची वेळ येते.

दुसरी गोष्ट, रात्रीचा वारा. कोरड्या भागात दुपारी खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या, हीच रीत. पण रात्री खिडकी उघडी ठेवायला बाईमाणसाला भीती वाटते, डास येतात ते वेगळंच. म्हणून मजबूत गज आणि आतून काढता येणारी जाळी यांचा खर्च खिडकीच्या अंदाजपत्रकातच धरा. नंतर 'बघू' म्हटलं की राहून जातं.

तिसरी गोष्ट, सगळ्या खिडक्या एकदम बदलायची गरज नाही. आधी पश्चिमेची घ्या. जुनी चौकट सागाची आणि शाबूत असेल तर भंगारात देऊ नका. सुतार बिजागऱ्या आणि रबर बदलून देतो. दुहेरी काच महाग असते. ती एसी तासन्‌तास चालणाऱ्या खोलीत शोभते, पंख्यावरच्या घरात तेच पैसे सावलीवर घालवलेले बरे. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर दर एकदम चढतो, हे आपल्याला तोंडपाठ आहे. सावलीने कमी झालेलं एकेक युनिट तिथेच कामी येतं.

आणि मुख्य मुद्दा. खिडकी ठरते ती कंत्राटदार आणि घरातली पुरुषमंडळी यांच्या बोलण्यात, तेही 'दिसायला कशी' यावर. दुपारी बारा ते चार त्या घरात कोण असतं? स्वयंपाकघरात गॅससमोर कोण उभं राहतं? घरातली बाई, म्हातारी माणसं आणि पाळण्यातलं मूल. ज्यांच्या अंगावर झळ येते त्यांना कोणी विचारत नाही.

तेव्हा मिस्त्री मापं घ्यायला येईल तेव्हा चहा देऊन आत जाऊ नका. विचारा, 'दादा, ही उघडणार किती? पश्चिमेला बाहेरून सावली कशाची? गज कुठे बसणार?' उत्तर मिळाल्याशिवाय विसार देऊ द्यायचा नाही.